आधी कुठल्या खोलीत

आमच्या येल्शोवा गावात कोंबड्या नसलेलं अंगण दिसलं की समजावं, एक तर त्या घरातलं म्हातारं माणूस नुकतंच गेलंय, नाहीतर तिथं ब्रातिस्लाव्हाहून आलेले शहरी लोक राहतात. रुझेनाचं अंगण या दोन्हींत बसत नव्हतं. ती जन्मापासून याच गावची, हाडापेरानं मजबूत, चार माणसांचं काम एकटी उरकणारी. तरी तिच्या दारात एकही कोंबडी नव्हती आणि ती अंडी दुकानातून विकत आणायची. रांगेतल्या बायका तिला बऱ्या सोडतील! दिवसभर सरकारच्या पाखरांना भरवते आणि स्वतः दुकानातली शिळी अंडी खाते, असं तिच्या तोंडावर म्हणायच्या. रुझेना हसायची. तिला हसू पटकन यायचं. राग यायचा तो मला.

कारण साधं होतं. आमच्या पक्षी-संशोधन संस्थेचा नियमच तसा होता. लावाघरात, म्हणजे जिथं लावा पक्षी ठेवतात तिथं, काम करणाऱ्यानं घरी कोंबडी, बदक, कबूतर काही पाळायचं नाही आणि दुसऱ्याच्या खुराड्यातही पाऊल टाकायचं नाही. बाहेरच्या पक्ष्यांचा रोग माणसाच्या केसांतून, नखांतून, बुटांच्या तळव्यांतून आत येतो. मी तिथंच प्रयोगशाळेत होते, पक्ष्यांचं रक्त काढायचं काम माझ्याकडे, म्हणजे नियम मलाही होता. पण मला कोंबड्यांचा वास लहानपणापासून सहन होत नाही, त्यामुळे माझं काही अडलं नाही. रुझेनाला मात्र तो नियम रोज बोचत असणार. तिचा नवरा इम्रिख डॅन्यूबवर मालाच्या बोटी हाकायचा, तो वारल्यावर संस्थेनं तिला नोकरी दिली, राहायला संस्थेचंच दोन खोल्यांचं घर दिलं, आणि त्याच दिवशी तिनं आपल्या पंधरा कोंबड्या बहिणीच्या, आग्नेशाच्या, अंगणात नेऊन सोडल्या. परत येताना रडली होती म्हणे. मूलबाळ नव्हतं. आग्नेशाची मुलगी दारिना हीच तिची धर्मकन्या, आणि खरं सांगायचं तर अर्धी मुलगीच.

लाव्यांचा आणि आकाशाचा काय संबंध, असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा आणि प्रत्येकाला वाटायचं की हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. लावा लहान पक्षी, खातो थोडं, वाढतो झपाट्यानं, अंडी घालतो भरपूर. पुढेमागे माणसं वर्षानुवर्षं अंतराळात राहू लागली तर त्यांच्या पोटाला काहीतरी हवं, म्हणून रशियनांनी आणि आमच्या लोकांनी मिळून लावे निवडले होते. आमचे डॉक्टर ब्लाझेय हुदेत्स पोटाच्या पुढचा विचार करायचे. ते म्हणायचे, अंडं वर उबवलं, पिल्लू निघालं, छानच झालं. पण ते पिल्लू रोगाशी लढेल का? पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी आतल्या बाजूला एक चिमुकली पिशवी असते. रोगाशी लढणारे शिपाई तिथं तयार होतात, आणि ही शिपाईभरती पिल्लू अंड्यात असतानाच सुरू होते. जिथं वजनच नाही, वर काय आणि खाली काय ते अंड्याला कळतच नाही, तिथं ही भरती नीट होते की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. या एका प्रश्नापायी त्यांनी डोक्याचे केस पांढरे केले होते, आणि बायको आईकडे निघून गेली ती वेगळीच.

त्या वसंतात देशाचे दोन तुकडे होणार अशी बोलणी चालू होती. रशियाचा खजिना रिकामा, आमचा त्याहून रिकामा. आमच्या संस्थेला पैसे देणाऱ्या विज्ञान अकादमीनं कळवलं होतं की उन्हाळ्याआधी एक समिती येईल आणि आमचा विभाग ठेवायचा की टाळं लावायचं ते ठरवेल. म्हणजे आमची अख्खी पलटण दावणीला बांधलेली, आणि दावं डॉक्टर हुदेत्सच्या त्या एका प्रश्नाला.

अशात ती अंडी आली. अर्धा काळ वर अवकाशस्थानकात उबवलेली, मग अंतराळवीरांबरोबर गवताळ माळावर उतरवलेली, तिथून विमानानं. डॉक्टर उबदार पेटी मांडीवर घेऊन बसून आले होते आणि विमानतळावर त्यांनी ती कुणालाही धरू दिली नाही. बरीचशी अंडी फुटलीच नाहीत. अकरा पिल्लं बाहेर आली. शेजारच्या खोलीत त्याच जातीची, त्याच वयाची, जमिनीवरच उबवलेली पिल्लं होती. त्यांच्या अंड्यांना उतरण्याचा दणका बसला नाही तर तुलना खोटी पडेल म्हणून डॉक्टरांनी ती पेटी ट्रकमध्ये घालून गावाबाहेरच्या खड्ड्यांतून फिरवली होती. ट्रकवाला अजून ती गोष्ट दारूच्या गुत्त्यात सांगतो. आकाशातून आलेल्यांना आम्ही ‘वरचे’ म्हणायचो आणि जमिनीवर उबवलेल्यांना ‘खालचे’.

दोन्ही खोल्यांना सगळं सारखंच. दाणा तोच, पाणी तेच, दिवा तोच, आणि माणूसही एकच: रुझेना. फक्त एक गोष्ट सारखी करता येत नाही. एक माणूस दोन खोल्यांत एकाच वेळी शिरू शकत नाही. जी खोली आधी, तिला ताजा दाणा, ताजं माणूस, आणि बाहेरून अंगावर काही आलं असेल तर तेही आधी आणि भरपूर. जी खोली नंतर, तिला उरलंसुरलं. म्हणून डॉक्टरांनी पाळी लावली होती. एक लाल लाकडी पाटी होती. ती एक दिवस वरच्यांच्या दारावर, दुसऱ्या दिवशी खालच्यांच्या. जिथं पाटी तिथं आधी जायचं. संध्याकाळी जाताना रुझेना पाटी हलवून ठेवायची. पाटी हलवायला ती एक दिवसही चुकली नाही.

खालचे दुसऱ्याच दिवसापासून खोलीभर पळायला लागले. वरच्यांचे हाल मात्र बघवत नव्हते. पाय फाकायचे, तोल जायचा, पिल्लू पाठीवर पडायचं आणि तसंच पडून राहायचं. त्याला सरळ व्हायचं कसं ते ठाऊकच नव्हतं. दोन्ही पंख हलवत, चोच उघडून ओरडत राहायचं, कुणीतरी येऊन उलटं करीपर्यंत. सकाळी दार उघडलं की त्या खोलीतून जो आवाज यायचा, तो बाहेरच्या बोळाच्या टोकापर्यंत ऐकू यायचा.

मी त्यांचं रक्त काढत होते. डॉक्टर पिल्लांना मेंढीच्या रक्ताच्या पेशी टोचायचे. पेशी निरुपद्रवी, पण शरीराला परक्या. शिपाई जागे असतील तर आठवडाभरात त्यांची खूण रक्तात उमटते. खालच्यांत उमटली. वरच्यांत उमटली ती फिकी. डॉक्टर ते आकडे घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मग म्हणाले की खरं दिसतंय, पण अकरा पिल्लांच्या फिकट रक्तावर समिती विरघळणार नाही. ते बरोबरच होतं. नुसत्या फिकट खुणेवर मीही विरघळले नसते.

त्याच सुमाराला दारिना बाळंत झाली. मुलगा झाला.

आता आमच्याकडची रीत अशी की बाळंतिणीला पहिलं सूप धर्ममातेच्या हातचं. आईच्या हातचं नाही, सासूच्या हातचं नाही. जिनं बाप्तिस्म्याला हातात धरलं, तिनंच कोंबडी कापायची, तिनंच सोलायची, घरच्या शेवया घालून सूप करायचं आणि पांढऱ्या फडक्याखाली झाकून न्यायचं. दुकानातून गोठवलेली कोंबडी आणली तर ती बाई गावात तोंड दाखवू शकत नाही. रुझेनानं मला विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी जीव खाऊन सांगितलं असतं की गावाला घाल चुलीत. कदाचित म्हणूनच विचारलं नसावं.

आणि तिनं नियम मोडला असं तिला वाटलंच नाही. ती खुराड्यात गेली नाही. आग्नेशानं कोंबडी कुंपणावरून तिच्या हातात दिली. कापलेली, सोललेली कोंबडी म्हणजे स्वयंपाक. ती काय पाळलेली कोंबडी थोडीच? नियम जिवंत पक्ष्यांचा, हा सगळा चुलीचा मामला. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईनं असाच हिशेब केला असता. सोलून झाल्यावर तिनं ऊनऊन पाण्यानं हात धुतले, कपडे बदलले. डोक्याला बांधलेला रुमाल तेवढा तोच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बांधून कामावर आली.

आग्नेशानं कुठली कोंबडी द्यावी? जी पळाली नाही ती. बाकीच्या अंगणभर धावल्या, ही कुंपणापाशी मुकाट उभी होती, हातात सहज आली. बहिणीला धावपळ नको म्हणून तिनं तीच उचलली. अंगावर पिसं फुलवून उभी राहिलेली, न पळणारी कोंबडी म्हणजे आजारी कोंबडी, हे आग्नेशाला कळायला हवं होतं. पण नातवाच्या आनंदात कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

दारिनानं दोन वाट्या सूप प्यायलं. तिला काही झालं नाही, बाळालाही नाही. उकळत्या सुपानं कुणाला काही होतही नाही.

सहासात दिवसांनी वरच्यांपैकी तिघं चोच वासून बसलेली दिसली. श्वासाबरोबर घशात घरघर. रुझेनानं मला हाक मारली ती तिच्या नेहमीच्या आवाजात नव्हती. मी गेले तेव्हा एका पिल्लाची मान पाठीकडे वळली होती आणि ते जागच्या जागी गोल फिरत होतं. रुझेना त्याला दोन्ही हातांत धरून मान सरळ करू बघत होती. सोडली की मान पुन्हा वळायची. दुपारी ते मेलं. दुसऱ्या सकाळी आणखी दोन मेलेली मिळाली. शेजारच्या खोलीतल्या खालच्यांनाही सर्दी झाली, डोळे पाणावले, खाणं कमी झालं. डॉक्टर दोन खोल्यांमधल्या बोळात येरझारा घालत होते.  मी चहा नेला तर म्हणाले, तिथं ठेवा, आणि तिथं ठेवायला काहीच नव्हतं, नुसती भिंत.

मेलेली पिल्लं तपासायला पाठवली. आणखी चार गेली तोवर डॉक्टरांना पशुवैद्याचा फोन आला: मानमोडी. कोंबड्यांची ती जुनीच साथ. गेल्या दोन वर्षांत गावोगावच्या लसी बंद पडल्या होत्या, त्याचं फळ. डॉक्टर फोन खाली ठेवतात न ठेवतात तो रुझेना दारात उभी. आदल्या संध्याकाळी आग्नेशाच्या अंगणात सात कोंबड्यांनी माना टाकल्या होत्या, ती बातमी तिला लागली होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. मी रक्ताच्या नळ्या घेऊन तिथंच होते, त्यामुळे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

तिनं सगळं सांगितलं. बाळंतीण, कुंपण, कोंबडी, रुमाल. आडपडदा काही नाही. मला वाटलं आता डॉक्टर तिला फाडून खाणार. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले. मग उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मी चक्रावले. राग नव्हता.

“वाट लागली म्हणायचं की वाट सापडली म्हणायचं,” ते स्वतःशीच म्हणाले. मग रुझेनाकडे वळले. “बाई, एकच माणूस, एकच रुमाल, दोन्ही खोल्यांत गेलात ना?”

“हो, डॉक्टर.”

“आणि खालचे शिंकतायत, पण खातायत. वरचे मरतायत.”

त्यांचं म्हणणं मला हळूहळू उमगलं. जे करायला त्यांना कुणी कधी परवानगी दिली नसती, ते आपोआप घडलं होतं. खराखुरा रोग दोन्ही खोल्यांत एकाच हातानं गेला होता. खालचे त्याच्याशी लढून उठत होते. वरच्यांकडे लढायला शिपाईच नव्हते. मेंढीच्या रक्तानं जे कुजबुजत सांगितलं होतं ते मानमोडीनं ओरडून सांगितलं. पण एक गाठ सोडवायची होती. समिती विचारणार, रोग दोन्हीकडे सारखाच गेला कशावरून? डॉक्टर धावतच बोळात गेले, दिवस मोजले, पाळी तपासली आणि परत आले ते चक्क हसत. रुझेना तो रुमाल बांधून आली त्या सकाळी लाल पाटी खालच्यांच्या दारावर होती. म्हणजे रोगाचा मोठा वाटा खालच्यांना मिळाला, वरच्यांना उरलंसुरलं. आणि तरी मेले ते वरचे. याहून पक्कं काय हवं?

ते रुझेनाला म्हणाले की नियम मोडलात ते वाईटच, पण समितीपुढे मी तुमची बाजू घेईन. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. रुझेना खाली बघत होती. मला वाटलं, मनावरचं ओझं उतरतंय बिचारीचं.

त्या दिवशी दुपारी मी भांडी धुवायच्या मोरीवर नळ्या खंगाळत होते. ती शेजारी येऊन उभी राहिली. नळ सोडला आणि हात न धुता तशीच उभी.

“शारलोता,” ती म्हणाली, “मी आधी वरच्यांकडे गेले होते.”

मला वाटलं ती दुसऱ्या कुठल्या दिवसाबद्दल बोलतेय. म्हटलं, पाटी खालच्यांच्या दारावर होती ना?

“पाटी होती. मी वरच्यांकडे गेले.”

“त्याच दिवशी?”

“रोजच.”

मी नळ बंद केला. बोळात कुणी नाही ना ते पाहिलं. मग मी जे बोलले ते आजही पुन्हा बोलेन, मला त्याची लाज नाही. मी तिला म्हटलं की ही गोष्ट तू मला सांगितलीस तेवढं पुरे, आता ती गिळून टाक. डॉक्टर खरंच सांगतायत, मी स्वतः रक्त पाहिलंय, वरचे दुबळे आहेतच. तुझ्या एका शब्दानं खऱ्याचं खोटं होईल. विभाग जाईल, आम्ही सगळे रस्त्यावर येऊ, आणि तू सगळ्यांत आधी, कारण तुझं तर घरही संस्थेचं. कुणी खोटं बोल म्हणत नाहीये. पाटी कुठल्या दारावर होती एवढंच विचारतील. ते सांग. ते तर खरंच आहे.

“आणि आधी कुठं गेलीस असं विचारलं तर?”

“नाही विचारणार.”

“विचारलं तर, शारलोता?”

“तर खालच्यांकडे म्हण. एक शब्द आहे. गळ्यात अडकणार नाही तुझ्या.”

 तिनं एप्रनला हात पुसले, जे ओले झालेच नव्हते, आणि वरच्यांच्या खोलीकडे गेली. तिथं तेव्हा चारच उरले होते.

समिती येईपर्यंत पशुवैद्यानं मोठ्या मिनतवारीनं पिल्लं राहू दिली. बोळाला कुलूप, दारात बुटांसाठी चुन्याची निवळी, आत फक्त रुझेना. मधल्या दिवसांत ती माझ्याशी दाण्यापाण्यापलीकडे बोलली नाही. खालचे बरे झाले, एकच दगावला. वरच्यांतले चारांचे दोन झाले. आग्नेशानं गावभर सांगितलं की संस्थेनंच रोग आणला, आकाशातून. बायकांनी रांगेत रुझेनाच्या पुढेमागे जागा सोडायला सुरुवात केली. मी रात्रंदिवस एकच विचार करत होते: ही बाई तोंड उघडणार की मिटणार. तिच्या चालण्यावरून ओळखू बघायची. काही कळायचं नाही. एकदा तर वाटलं, समितीच्या दिवशी हिला खोलीत बंद करून ठेवावं आणि ताप आलाय म्हणून सांगावं. मनातल्या मनात कुलूपसुद्धा निवडून झालं होतं.

समितीत चार जण होते, पण बोलायचं काम एकीचंच. प्राध्यापक ओतिलिया मायेर्स्का, सत्तरीच्या, काडीसारख्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं.  डॉक्टर रंगात आले होते. त्यांचा हात फळ्यावर झरझर चालत होता. पाटीची गोष्ट त्यांनी सगळ्यांत शेवटी राखून ठेवली होती आणि ती सांगून झाल्यावर समितीतल्या एका गृहस्थानं चक्क शेजाऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. आपण वाचलो, असं मला वाटलं. खरंच वाटलं. 

मायेर्स्काबाईंनी चष्मा वर सरकवला आणि पिल्लांना सांभाळणारी बाई कोण ते विचारलं.

रुझेना दाराशी उभी होती. ती पुढं आली. स्वच्छ एप्रन, डोकं उघडं. त्या दिवसापासून तिनं रुमाल बांधला नव्हता.

“तुम्हीच कोंबडी सोललीत?” मायेर्स्काबाईंनी विचारलं.

“हो, मॅडम. मीच.”

“दुसऱ्या सकाळी इथं आलात. आधी कुठल्या खोलीत गेलात?”

डॉक्टरांनी तिच्या आधी उत्तर दिलं. “पाटी खालच्यांच्या दारावर होती. मी स्वतः तपासलंय.”

“मी पाटीला विचारत नाहीये, डॉक्टर. यांना विचारतेय.”

 रुझेनानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे बघत ओठांनी शब्द केला, आवाज न करता. तो कुठला शब्द ते सांगायला नको. तिनं तो वाचला, मला माहीत आहे. मग तिनं मान वळवली.

“वरच्यांच्या,” ती म्हणाली. “त्या दिवशी आणि रोज. पाटी मी हलवायचे, पण जायचे आधी वरच्यांकडे.”

मायेर्स्काबाईंनी हातातली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. भुवया उंचावलेल्या गृहस्थानं त्या खाली घेतल्या. डॉक्टर फळ्यापाशी तसेच उभे, खडू हातात. कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही, गरजच नव्हती. रोगाचा मोठा वाटा वरच्यांना मिळाला होता. ते दुबळे होते म्हणून मेले की जास्त रोग अंगावर आला म्हणून मेले, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आणि रोजच्या रोज पाळी चुकली होती म्हटल्यावर माझ्या नळ्यांतलं ते फिकट रक्तही गेलं. महिन्याभराचं काम एका वाक्यात धुऊन निघालं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

समितीनं आभार मानले. असल्या आभारांचा अर्थ सगळ्यांना कळतो. ते जेवायलाही थांबले नाहीत. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तो पशुवैद्य आत आला. आता थांबायचं कारण उरलं नव्हतं, मानमोडीचं घर रिकामं करायचं, दोन्ही खोल्या, आजच. औषधाची बाटली आणि सुया त्यानं बरोबरच आणल्या होत्या.

डॉक्टर हुदेत्स बोळात भिंतीला टेकून उभे होते. रुझेना त्यांच्यापासून दोन हातांवर. मी मधे ट्रे घेऊन. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू आवाजात बोलले.

“का, रुझेनाबाई? मला एवढंच सांगा. पाटी समोर लटकत होती. का?”

तिनं वरच्यांच्या दाराकडे पाहिलं. 

“ती पाठीवर पडलेली असायची, डॉक्टर. रात्रभर. दाराशी आलं की ऐकू यायचं. आजारी लेकरू टाकून धडधाकट लेकराकडे आधी कोण जातं?”

“कुणीच नाही,” डॉक्टर म्हणाले. “म्हणूनच पाटी लावली होती.”

तिनं मान हलवली. म्हणजे कळलं अशी. रडली नाही. मी आयुष्यात पुष्कळ माणसांना शिक्षा झालेली पाहिली आहे, पण शिक्षा इतकी नीट समजून घेताना दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. माझा तिच्यावरचा राग तिथंच कुठंतरी विरला. मग तो कुणावर काढावा ते मला कळेना.

पशुवैद्यानं सुई भरली. पिल्लू धरायला माणूस लागतो आणि रुझेनाइतकं अलगद धरणारं तिथं कुणी नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं. तिनं एप्रनच्या नाड्या घट्ट केल्या, दोन दारांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि डॉक्टरांकडे वळून विचारलं, “आधी कुठल्या खोलीत?”

डॉक्टर म्हणाले, “आता काही फरक पडत नाही, बाई.”

 वरच्यांच्या खोलीतून ओरडण्याचा आवाज येत होता. दोघांपैकी एक पुन्हा पाठीवर पडलं असणार. रुझेनाचा हात त्या दाराकडे गेला, कडीला लागला. मग तिनं तो मागे घेतला आणि ती लाल पाटी लटकत होती त्या खालच्यांच्या खोलीत गेली.